फिनॉल्फ्थॅलिनची भावंडे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने फर्मान काढले की शाळेच्या आठवणींचे लेख भरपूर जमले आहेत, आता ज्याने त्याने आपल्या धंद्यातले काहीतरी लिहावे. डॉक्टरमंडळींनी मधुमेहावर लिहिले असेल, बँकवाल्यांनी बँकेवर. मी पडलो रंगवाला. माटुंग्याच्या यूडीसीटीतून रंगशाखेची पदवी घेतली आणि पुढची सारी नोकरी कापडाच्या, शाईच्या आणि प्लॅस्टिकच्या रंगांत काढली. मी त्या शाखेला प्रवेश घेतला तेव्हाच एका हितचिंतक काकांनी सांगितले होते, "अरे, रंगांचं रसायन जर्मनांनी शंभर वर्षांपूर्वी संपवलंय. आता त्यात काय उरलंय?" त्यांचे म्हणणे तेव्हा मला खोडता आले नव्हते, कारण आमच्या ग्रंथालयात के. वेंकटरामन यांच्या 'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज' या ग्रंथाचे जाडजूड खंड होते आणि ते बघून खरोखरच वाटायचे की लिहायचे ते सगळे यात लिहून झाले आहे. १९५२पासून निघालेले हे खंड जगभरच्या रंगरसायनज्ञांच्या टेबलावर असत. वेंकटरामन हे यूडीसीटीचे पहिले भारतीय संचालक, नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही संचालक.

काकांना उत्तर द्यायचे राहिले, ते आता इथे देतो. त्यासाठी कापड सोडून पेशीत शिरावे लागेल. म्हणजे जीवशास्त्राच्या बाईंच्या हद्दीत. त्यांनी सांभाळून घ्यावे.

जर्मनीतल्या येना शहरात एक स्मारक आहे आणि त्यावर चक्क एक गणिती सूत्र कोरलेले आहे. ते अर्न्स्ट आबे यांचे. आबे हे कार्ल झाइस यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्याचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या आधी चांगला सूक्ष्मदर्शक म्हणजे चांगला कारागीर असे समीकरण होते. भिंग घासत जायचे, जमले तर जमले. आबे यांनी त्यामागचे गणित मांडले आणि १८७३मध्ये एक नकोसा निष्कर्षही मांडला. भिंग कितीही निर्दोष असो, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू त्यातून वेगळ्या दिसणार नाहीत. दोन्हींचा मिळून एकच डाग दिसेल. दोष कारागिराचा नाही, प्रकाशाच्या लाटपणाचाच आहे.

आकड्यांत सांगायचे तर ही मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. जिवाणू त्याहून मोठे, म्हणून ते दिसतात. पेशीचे केंद्रक दिसते, तंतुकणिकाही दिसतात. पण पेशीतले खरे कामकरी म्हणजे प्रथिने, आणि ती असतात काही नॅनोमीटरची. म्हणजे कारखान्याची इमारत दिसते, कामगार दिसत नाहीत. १९३०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि त्याने ही भिंत ओलांडली, पण त्यासाठी पेशी मारून, वाळवून, तिचे पातळ काप करून निर्वातात ठेवावे लागत. जिवंत पेशीत काय चालले आहे ते पाहायचे तर प्रकाशाखेरीज उपाय नव्हता, आणि प्रकाशाच्या वाटेत आबे उभे. शंभर वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांनी ही मर्यादा निसर्गनियम म्हणून शिकवली.

ती भिंत पुढे ओलांडली गेली. मात्र ते काम भिंगाने झाले नाही. रंगाने झाले. हे प्रकरण साधारणपणे भौतिकशास्त्राचा पराक्रम म्हणून सांगितले जाते, म्हणून एका रंगवाल्याने ते आपल्या बाजूने सांगायला हरकत नाही.

प्रयोगशाळेत अनुमापनाच्या वेळी फ्लास्कमध्ये दोन थेंब टाकायचो ते फिनॉल्फ्थॅलिन सगळ्यांना आठवत असेल. आम्लात रंगहीन, अल्काचा एक थेंब जास्त झाला की गुलाबी. हे द्रव्य १८७१मध्ये आडोल्फ फॉन बायर यांनी बनवले. थॅलिक अनहायड्राइड घ्यायचे, त्याच्याशी फिनॉलची क्रिया करायची. त्याच वर्षी त्यांनी फिनॉलऐवजी रिसॉर्सिनॉल घेतले आणि दुसराच पदार्थ हाती आला. तो निळ्या प्रकाशात धरला की हिरवागार उजळायचा. त्याचे नाव फ्लुओरेसिन. (याच बायर यांनी पुढे नीळ प्रयोगशाळेत बनवून दाखवली. ती कारखान्यातून बाजारात आली आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीचा व्यापार बसला. आमच्या धंद्याचा इतिहास तसा निष्पाप नाही.)

एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणे, याला फ्लुओरेसन्स म्हणतात. फ्लुओरेसिनमध्ये हा गुण इतका तीव्र की १८७७मध्ये जर्मनीत त्याचा एक गमतीदार उपयोग झाला. डॅन्यूब नदीचे पाणी एका ठिकाणी जमिनीत मुरून नाहीसे होते. ते जाते कुठे, यावर वाद होता. मुरण्याच्या जागी सुमारे १० किलो फ्लुओरेसिन ओतले. अडीच दिवसांनी काही मैलांवरच्या आख नावाच्या झऱ्याचे पाणी हिरवे चमकू लागले आणि वाद मिटला. १८८७मध्ये फ्लुओरेसिनच्या कुळातलेच ऱ्होडामाइन आले, लालसर-नारिंगी उजळणारे. ही दोन घराणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

१९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अल्बर्ट कून्स यांनी फ्लुओरेसिन प्रतिपिंडाला चिकटवले. प्रतिपिंड आपले ठरावीक प्रथिन शोधून त्याला जाऊन बिलगते, सोबत रंगाचा दिवा घेऊन जाते. आता पेशीत हवे ते प्रथिन तेवढे उजळता येऊ लागले. रंग आणि सूक्ष्मदर्शक यांचे लग्न लागले ते तेव्हा. पण आबे यांची भिंत होती तिथेच होती. दिवे लाखो, आणि जवळजवळ. सगळे एकदम पेटले की धूसर पट्टाच दिसायचा.

इथे एक उदाहरण देतो. घाटातून रात्री खाली पाहिले की धुक्यातले गाव म्हणजे एक पिवळट ढग दिसतो. घर वेगळे ओळखू येत नाही. आता समजा गावातली वीज गेली, आणि एकाच घरात कोणी कंदील लावला. धुक्यामुळे तो कंदीलही गोल डागासारखाच दिसेल, पण डाग एकट्याचा असल्यामुळे त्याचा मध्य तुम्हाला नेमका दाखवता येईल. नकाशावर तिथे टिंब द्या. तो कंदील विझला, दुसऱ्या घरात लागला, पुन्हा टिंब द्या. रात्रभर हे करत राहिलात तर पहाटेपर्यंत तुमच्या कागदावर घर न् घर उमटलेले असेल. धुके हटले नाही, डोळे सुधारले नाहीत, तरी गाव दिसले. अट एकच. सगळे दिवे विझलेले असले पाहिजेत आणि एका वेळी थोडेच, एकमेकांपासून लांबलांबचे, लागले पाहिजेत.

म्हणजे उजळणाऱ्या रंगापेक्षा काळोखात दबून राहणारा आणि सांगितल्यावर उजळणारा रंग हवा होता. रंगरसायनाने शंभर वर्षे ज्या गोष्टीचा विचारच केला नव्हता ती ही.

अशा रंगाची पहिली नमुनेदार कामगिरी १९८९मधली. टिमोथी मिचिसन यांनी फ्लुओरेसिनच्या रेणूवर नायट्रोबेंझिल गटाचे कुलूप घातले. जीवरसायनात अशा कुलूपबंद रेणूंना 'पिंजऱ्यातले' रेणू म्हणतात. कुलूप असेपर्यंत फ्लुओरेसिन अंधारात. अतिनील प्रकाश पडला की कुलूप तुटते आणि रंग उजळतो. हा रंग त्यांनी सूक्ष्मनलिकांच्या प्रथिनाला जोडला आणि विभाजन होत असलेल्या पेशीच्या तर्कूवर प्रकाशाची एक बारीक आडवी रेघ मारली. ती उजळलेली रेघ हळूहळू ध्रुवाकडे सरकताना दिसली. तर्कूचे तंतू आपण फळ्यावर खडूने काढायचो तसे स्थिर नसतात, सतत वाहत असतात, हे त्यातून उघड झाले. पण हा प्रयोग आबे यांच्या मर्यादेच्या आतलाच होता. भिंत ओलांडण्याचा त्यात हेतू नव्हता.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आयबीएमच्या प्रयोगशाळेत विल्यम मर्नर आणि लोथार काडोर यांनी स्फटिकात अडकलेला एक, एकच, रंगरेणू प्रकाशाने ओळखला. तापमान द्रवरूप हेलियमचे. त्याआधी रेणू म्हणजे नेहमी कोट्यवधींचा जमाव असे. एकटा रेणू प्रकाशाने टिपता येतो, हे पहिल्यांदा दिसले.

पुढचा माणूस एरिक बेट्झिग. याची गोष्ट सांगताना माझी लेखणी जरा लांबेल. बेट्झिग अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत होते. आबे यांची मर्यादा दुसऱ्या मार्गाने चुकवण्यात त्यांनी उमेदीची वर्षे घातली आणि कंटाळून नोकरी सोडली. १९९५मध्ये घरी बसून त्यांनी एक छोटा निबंध छापला. त्यात वरचा कंदिलांचा हिशेब सूत्ररूपाने होता. रेणू एकमेकांपासून कोणत्या तरी गुणाने वेगळे करा, प्रत्येकाचा मध्य शोधा, मग सगळे मध्य एका चित्रात मांडा. पण वेगळे करायचे कसे, याचे वापरता येईल असे उत्तर नव्हते. तसा रंग हाताशी नव्हता. निबंध छापून ते मिशिगनला वडिलांच्या यंत्रे बनवण्याच्या कारखान्यात गेले. तिथे काही वर्षे खपून एक शक्तिशाली यंत्र बनवले, ते फारसे विकले गेले नाही. त्या वर्षांत ते विज्ञानाबाहेरच होते.

दरम्यान रंग तयार होत होते, आणि तेही भलत्याच ठिकाणी. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२मध्ये जेलिफिशमधून एक हिरवे उजळणारे प्रथिन वेगळे केले होते. १९९४मध्ये मार्टिन चाल्फी यांनी त्याचे जनुक दुसऱ्या जिवांत घालून ते तिथेही उजळते हे दाखवले. म्हणजे रंग बाहेरून घालायलाच नको, पेशीच तो बनवणार. १९९७मध्ये मर्नर आणि रॉबर्ट डिक्सन यांना या प्रथिनाच्या एका प्रकाराचे एकेकटे रेणू लुकलुकताना दिसले. शिवाय विझलेला रेणू जांभळ्या प्रकाशाने पुन्हा जागा करता येत होता.

२००२मध्ये दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत जॉर्ज पॅटरसन आणि जेनिफर लिपिंकॉट-श्वार्ट्झ यांनी या हिरव्या प्रथिनात असा बदल केला की ते आधी जवळजवळ अंधारे राहते आणि जांभळ्या प्रकाशाचा झोत पडला की शंभरपट उजळते. आणि जपानमध्ये अत्सुशी मियावाकी यांच्या प्रयोगशाळेत प्रवाळातल्या एका हिरव्या प्रथिनाची नळी कोणीतरी रात्री टेबलावरच विसरले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर ती लाल झालेली. पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या बाकीच्या नळ्या मात्र हिरव्याच. दक्षिणेकडच्या खिडकीतून आलेल्या उन्हाने प्रथिनाचा रंग पालटला होता. मेपलच्या पानांवरून त्याचे नाव ठेवले 'काएदे'. प्रयोगशाळेत सामान जागच्या जागी ठेवा, असे आपले सर बजावून सांगायचे. त्यांचे बरोबरच होते, पण विज्ञानाच्या इतिहासाचे त्यात मधूनमधून नुकसान झाले असते.

२००५मध्ये बेट्झिग आणि त्यांचे बेल प्रयोगशाळेतले जुने मित्र हॅरल्ड हेस, दोघेही बेकार, फ्लॉरिडातल्या टॅलाहासीला मायकेल डेव्हिडसन यांना भेटायला गेले. डेव्हिडसन सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रे काढण्यातले आणि उजळणाऱ्या प्रथिनांचे नमुने जमवण्यातले मोठे दर्दी. त्यांच्याकडून या प्रकाशाने जागवता येणाऱ्या प्रथिनांविषयी ऐकले आणि बेट्झिग यांच्या दहा वर्षांपूर्वीच्या निबंधातली रिकामी जागा भरली. दोघांनी स्वतःचे पैसे घालून सॅन दिएगोजवळ हेस यांच्या घराच्या दिवाणखान्यात सूक्ष्मदर्शक जुळवला. मग तो उचलून लिपिंकॉट-श्वार्ट्झ यांच्या प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत नेला. प्रथिने तिथली आणि डेव्हिडसन यांची, यंत्र या दोघांचे. जांभळा प्रकाश अगदी मंद ठेवायचा, म्हणजे एका वेळी मूठभर रेणू जागे होतील. त्यांचे फोटो काढायचे, ते जळून विझले की पुढची मूठ. एका चित्रासाठी हजारो फोटो आणि कित्येक तास. २००६मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. २०० नॅनोमीटरच्या जागी २०च्या आसपास!

त्याच वर्षी आणखी दोन गटांनी हीच युक्ती स्वतंत्रपणे जाहीर केली. मेन विद्यापीठात सॅम्युएल हेस (हॅरल्ड यांचे कोणी नव्हेत), आणि हार्वर्डमध्ये शाओवेई झुआंग. झुआंग यांनी प्रथिने न वापरता बनवलेले रंग वापरले, सायनिन घराण्यातले. ज्यांनी फोटोच्या फिल्मचा धंदा पाहिला आहे त्यांना हे घराणे ठाऊक असेल. फिल्मला हिरवा-लाल प्रकाश 'दिसावा' म्हणून हेच रंग त्यात घालत असत. यातल्या एका रंगाला लाल लेसरने झोपवता येते आणि शेजारी दुसरा सायनिन असेल तर हिरव्या लेसरने पुन्हा उठवता येते. २०१३मध्ये झुआंग यांच्या गटाने याच पद्धतीने चेतापेशीचा अक्षतंतू पाहिला. त्याच्या आवरणाखाली ॲक्टिन प्रथिनाची कडी आढळली, पिंपाच्या पट्ट्यांसारखी, दर सुमारे १९० नॅनोमीटरला एक. अंतर मर्यादेच्या किंचित आत, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकातून ती आजवर कोणालाच दिसली नव्हती. चेतापेशीची आकृती आपण सगळ्यांनी परीक्षेत काढली आहे. त्यात ही कडी नव्हती आणि तरी पूर्ण गुण मिळाले.

२०१४चे रसायनशास्त्राचे नोबेल बेट्झिग, मर्नर आणि श्टेफान हेल यांना मिळाले. हेल यांचा मार्ग निराळा होता. उजळलेल्या ठिपक्याच्या कडा दुसऱ्या लेसरने विझवून मधला बारीक भाग तेवढा शिल्लक ठेवायचा. नोबेल तिघांपेक्षा जास्तांना देत नाहीत, त्यामुळे झुआंग, लिपिंकॉट-श्वार्ट्झ, पॅटरसन, दोन्ही हेस, डेव्हिडसन हे बाहेर राहिले. माझ्या मते पुरस्कार रसायनाचा असूनही रसायन जरा मागेच पडले.

कारण यापुढचा प्रश्न निव्वळ रंगवाल्यांचा होता. कंदिलाचा मध्य किती अचूक सापडेल, हे त्यातून किती फोटॉन मिळाले यावर ठरते, आणि तेही वर्गमुळाने. शंभर फोटॉन मिळाले तर अचूकता दहापट, दहा हजार मिळाले तर शंभरपट. उजळणारी प्रथिने बिचारी काहीशे फोटॉन देऊन विझतात. चांगला बनवलेला रंग हजारो देतो. म्हणून प्रथिनांनी वाट दाखवली खरी, पण पुन्हा बायर यांच्या घराण्याकडे यावे लागले.

आता फिनॉल्फ्थॅलिनकडे वळू. ते रंगहीन का असते? त्याच्या रेणूत एक छोटे कडे मिटलेले असते. अल्क घातले की कडे उघडते आणि रंग येतो. फ्लुओरेसिन, ऱ्होडामाइन यांच्यातही तेच कडे आहे. मिटले की अंधार, उघडले की उजेड. मिचिसन यांच्या काळातले कुलूप अवजड होते. ते घातलेला रंग पाण्यात नीट विरघळत नसे आणि कुलूप तुटल्यावर त्याचा उरलेला तुकडा पेशीला त्रासदायक ठरे. २०१०मध्ये हेल यांच्याच संस्थेत व्लादिमिर बेलोव आणि सहकाऱ्यांनी ऱ्होडामाइनचे हे कडेच कुलूप म्हणून वापरले. त्यात नायट्रोजनचे दोन अणू असे बसवले की कडे मिटलेलेच राहील. जांभळा प्रकाश पडला की ते दोन अणू नायट्रोजन वायू होऊन निघून जातात आणि कडे उघडते. मागे कचरा म्हणावा तर हवेत असतो तोच वायू. रंगरसायनात याहून नीटनेटके काम मी पाहिलेले नाही.

दुसरी सुधारणा अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात ल्यूक लेव्हिस यांच्या गटाने केली. ऱ्होडामाइनच्या दोन टोकांना नायट्रोजनवर मिथिल गटांच्या जोड्या असतात. प्रकाश शोषल्यावर ही टोके वळवळतात आणि ऊर्जा उष्णतेत वाया जाते. लेव्हिस यांच्या गटाने २०१५मध्ये त्या जोड्या काढून तिथे चार अणूंचे ताठ कडे बसवले. फरक केवढासा! पण आधी शंभर फोटॉन शोषल्यावर ४१ परत मिळत होते, ते आता ८८ मिळू लागले. दीडशे वर्षे जुन्या घराण्यात एवढ्याशा बदलाने उजेड दुप्पट होतो आणि तोवर हे कोणाला सुचलेले नसते. 'संपलेल्या' विषयाबद्दल मला काकांना एवढेच दाखवायचे होते. पुढच्याच वर्षी त्यांनी या सुधारित रंगांना बेलोव यांचे कुलूप घातले. हे रंग पेशीत आपसूक शिरतात, हव्या त्या प्रथिनाला पक्के जोडता येतात, आणि त्यांच्यामुळे जिवंत पेशीच्या केंद्रकात एकेक रेणू कुठे थांबतो, कुठे पळतो याचा माग काढता येतो. लेव्हिस यांच्या गटाने या रंगांच्या कुप्या जगभरच्या प्रयोगशाळांना फुकट वाटल्या. आमच्या धंद्यात लोक कृतीचा कागदही कपाटात कुलपात ठेवतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवले.

एक अडचण मात्र राहते. कुलूप उघडायला जांभळा प्रकाश लागतो, आणि तो जास्त वेळ पडला तर जिवंत पेशीला मानवत नाही. त्यावर २०१४मध्ये टोकियोत यासुतेरु उरानो यांच्या गटाने जे केले ते अनुमापन केलेल्या कोणालाही समजेल. त्यांनी ऱ्होडामाइनच्या कुळातल्या एका रंगाचे कडे असे बेतले की ते आम्लात उघडे राहील आणि अल्काकडे झुकले की मिटेल. फिनॉल्फ्थॅलिनच्या बरोबर उलट. शिवाय तोल असा साधला की पेशीतल्या सामूला बहुतेक सगळे रेणू मिटलेले असतील. कुलूप नाही, जांभळा लेसर नाही. थोडेसे रेणू आपोआप उघडतात, क्षणभर उजळतात, मिटतात, मग दुसरे उघडतात. कॅमेरा तेवढा चालू ठेवायचा.